विश्लेषण : मतदार यादीवरून पेटलेलं बेट, न्यू कॅलेडोनियाला फ्रान्सपासून स्वातंत्र्य का हवंय?

मे २०२४ मध्ये फ्रान्स सरकारने टिकटॉकवर बंदी घातली. पण ती पॅरिसमध्ये नव्हती, मार्सेमध्येही नव्हती. ती होती तिथून सुमारे १७ हजार किलोमीटर दूर, पॅसिफिक महासागरातल्या न्यू कॅलेडोनिया नावाच्या बेटांवर. तिथे दंगली उसळल्या होत्या, आणीबाणी लागली होती आणि तरुण आंदोलक टिकटॉकवरून एकमेकांना जमवत आहेत, असं सरकारचं म्हणणं होतं. साधारण दोन आठवड्यांनी बंदी उठली. पुढे एप्रिल २०२५ मध्ये फ्रान्सच्याच सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने ती बेकायदा ठरवली.

पण ॲप बंद करून जो राग थांबवायचा होता, तो आला कुठून? वसाहतींचा काळ तर संपला ना? मग २१ व्या शतकात एखाद्या बेटावरचे लोक युरोपातल्या देशाविरुद्ध रस्त्यावर का उतरतात? आणि तेही मतदार यादीसारख्या वरवर कोरड्या वाटणाऱ्या मुद्द्यावरून? समजून घेऊया.

मे २०२४ मध्ये नेमकं काय झालं?

न्यू कॅलेडोनियात प्रांतिक निवडणुकांसाठी वेगळी मतदार यादी आहे. १९९८ नंतर बेटावर राहायला आलेल्यांना या निवडणुकांत मत देता येत नाही. फ्रान्स सरकारला हा नियम बदलायचा होता. सलग दहा वर्षं बेटावर राहिलेल्या प्रत्येक फ्रेंच नागरिकाला मत द्यावं, असा प्रस्ताव होता. त्यामुळे सुमारे २५ हजार नवे मतदार वाढणार होते.

पॅरिसच्या संसदेत यावर चर्चा सुरू असतानाच, १३ मे रोजी राजधानी नुमेआत जाळपोळ सुरू झाली. रस्त्यांवर अडथळे उभे राहिले. दुकानं, गोदामं, कारखाने जळाले. तरीही संसदेच्या कनिष्ठ सभागृहाने ३५१ विरुद्ध १५३ मतांनी घटनादुरुस्ती मंजूर केली. त्यानंतर आग आणखी भडकली.

पुढच्या काही महिन्यांत १४ जणांचा जीव गेला. त्यात बहुतेक जण तिथले मूळ रहिवासी कनाक होते, तर दोघे फ्रान्सच्या निमलष्करी पोलीस दलाचे जवान होते. दोन अब्ज युरोंहून अधिक नुकसान झालं. राष्ट्राध्यक्ष इमॅन्युएल मॅक्रॉन स्वतः बेटावर जाऊन आले. शेवटी घटनादुरुस्ती आधी स्थगित झाली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधान मिशेल बार्निए यांनी ती मागे घेतली.

सुमारे पावणेतीन लाख लोकवस्तीच्या प्रदेशात २५ हजार मतदार म्हणजे मोठा आकडा. पण एवढ्या रागाचं कारण फक्त आकड्यात सापडत नाही. त्यासाठी १७० वर्षं मागे जावं लागतं.

ही बेटं फ्रान्सकडे आली कशी?

ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला असलेल्या या बेटांवर कनाक लोक सुमारे तीन हजार वर्षांपासून राहतात. २४ सप्टेंबर १८५३ रोजी फ्रान्सने ती ताब्यात घेतली. १८६४ पासून तिथे कैद्यांची वसाहत सुरू झाली. आपल्याकडच्या लोकांना अंदमान आठवेल. काहीसा तसाच प्रकार. सुमारे तीन दशकांत २० हजारांहून अधिक कैदी तिथे पाठवले गेले. त्यात १८७१ च्या पॅरिस कम्यूनचे बंडखोर होते आणि अल्जीरियातल्या उठावात पकडलेले लोकही होते. म्हणजे एका वसाहतीत बंड केलं, म्हणून दुसऱ्या वसाहतीत शिक्षा.

शिक्षा संपलेल्यांना आणि फ्रान्सहून आलेल्या शेतकऱ्यांना जमिनी दिल्या गेल्या. या जमिनी अर्थातच कनाकांच्या होत्या. त्याच सुमारास तिथे निकेलचा मोठा साठा सापडला आणि बेटाची किंमत वाढली.

कनाकांचा राग नेमका कशावर?

पहिलं कारण जमीन. वसाहतवाल्यांची गुरं कनाकांच्या शेतात शिरून पीक तुडवायची. तिथलं मुख्य पीक तारो, म्हणजे आपल्याकडच्या अळकुड्यांच्या जातीचा कंद. कनाक सरदार आताई यांना शेताला कुंपण घालायला सांगण्यात आलं, तेव्हा आमचा तारो तुमची गुरं खायला जाईल त्या दिवशी कुंपण घालू, असं उत्तर त्यांनी दिल्याचं सांगतात. १८७८ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली मोठा उठाव झाला. सुमारे २०० युरोपीय आणि हजाराहून अधिक कनाक मारले गेले. आताईंचं शीर कापून फ्रान्सला नेण्यात आलं. ते बेटावर परत आलं २०१४ मध्ये.

दुसरं कारण कायदा. १८८७ पासून कनाकांसाठी वेगळी नियमावली लागू झाली. त्यांना ठरावीक राखीव वस्त्यांमध्ये राहावं लागे, परवानगीशिवाय बाहेर फिरता येत नसे, सक्तीने काम करावं लागे. मुख्य बेटावर त्यांच्या वाट्याला जेमतेम दहावा हिस्सा जमीन उरली. ही नियमावली १९४६ मध्ये रद्द झाली आणि सगळ्या कनाकांना मताचा अधिकार मिळाला तो १९५७ मध्ये.

तिसरं कारण अपमान. १९३१ मध्ये पॅरिसमध्ये साम्राज्याचं भव्य प्रदर्शन भरलं होतं. त्या वेळी शंभरेक कनाकांना पॅरिसला नेऊन एका उद्यानात 'नरभक्षक' म्हणून लोकांपुढे उभं केलं गेलं. त्यातल्या एकाचा पणतू पुढे फुटबॉलपटू झाला. त्याचं नाव क्रिस्तियन कारांब्यू. १९९८ मध्ये विश्वचषक जिंकणाऱ्या फ्रान्सच्या संघात तो होता, पण सामन्याआधी फ्रान्सचं राष्ट्रगीत मात्र तो गात नसे.

जमीन, कायदा आणि मान या तीन गोष्टी जवळपास प्रत्येक वसाहतीच्या बंडामागे असतात. पण यांनी राग का होता ते कळतं, तो त्या-त्या वेळीच का भडकला ते कळत नाही. न्यू कॅलेडोनियाच्या बाबतीत ते कळण्यासाठी आणखी एक गोष्ट पाहावी लागते.

दिलेलं परत घ्यायची सवय

दुसऱ्या महायुद्धानंतर साम्राज्यं मोडत होती. फ्रान्सने १९५६ मध्ये एक कायदा करून आपल्या वसाहतींना बऱ्यापैकी अंतर्गत स्वायत्तता देऊ केली. न्यू कॅलेडोनियातही स्थानिक सरकार आलं. पण काही वर्षांतच पॅरिसने हे अधिकार काढून घ्यायला सुरुवात केली. १९६९ च्या कायद्यांनी तर निकेलसारख्या खनिजांवरचं नियंत्रणही पॅरिसकडे गेलं.

नेमकी तीच वेळ निकेलच्या तेजीची होती. खाणी आणि कारखान्यांसाठी बाहेरून हजारो लोक आले. १९७२ मध्ये फ्रान्सचे पंतप्रधान पिएर मेस्मेर यांनी आपल्या एका मंत्र्याला पत्र लिहिलं. कनाक राष्ट्रवादाचा धोका टाळायचा तर फ्रेंच नागरिकांना मोठ्या संख्येने तिथे वसवलं पाहिजे, अशा आशयाचं ते पत्र होतं. म्हणजे मूळ लोकांना स्वतःच्या बेटावर अल्पसंख्य करणं हे सरकारी धोरण होतं, याचा लेखी पुरावाच कनाकांच्या हाती आला.

आज काय चित्र आहे? २०१९ च्या जनगणनेनुसार कनाक सुमारे ४१ टक्के, युरोपीय वंशाचे सुमारे २४ टक्के आणि उरलेले वालिस-फुतुना बेटांवरून आलेले, आशियाई आणि मिश्र वंशाचे. कनाक सगळ्यांत मोठा गट आहेत, पण बहुमतात नाहीत.

'एक व्यक्ती, एक मत' हे ऐकायला न्याय्य वाटतं. पण त्या व्यक्ती तिथे कशा आल्या, हा प्रश्न कनाक विचारतात. मतदार यादीचं महत्त्व इथे लक्षात येतं.

रक्तपात ते करार

१९८४ मध्ये स्वातंत्र्यवादी पक्षांनी एकत्र येऊन 'एफएलएनकेएस' ही आघाडी स्थापन केली. नेते होते जाँ-मारी चिबाऊ. त्याच वर्षी नोव्हेंबरच्या निवडणुकीवर आघाडीने बहिष्कार टाकला आणि तिचे एक नेते एलुआ माशोरो यांनी मतपेटीच कुऱ्हाडीने फोडली. तो फोटो आजही कनाक तरुणांच्या टी-शर्टवर दिसतो. पुढच्याच महिन्यात येंगेन भागात दहा कनाकांना गाठून ठार मारण्यात आलं. त्यात चिबाऊंचे दोन भाऊ होते.

१९८७ मध्ये सार्वमत झालं. कनाकांनी बहिष्कार टाकला आणि ९८ टक्के मतं फ्रान्सच्या बाजूने पडली. १९८८ मध्ये उवेआ बेटावर कनाक तरुणांनी चार फ्रेंच जवानांना मारून इतरांना ओलीस ठेवलं. फ्रेंच लष्कराने गुहेवर हल्ला केला. त्यात १९ कनाक आणि दोन सैनिक मेले.

यानंतर मात्र दोन्ही बाजू थांबल्या. जून १९८८ मध्ये मातिन्यों करार झाला. चिबाऊ आणि फ्रान्सनिष्ठ नेते जाक लाफ्लर यांनी हस्तांदोलन केलं. हा करार सगळ्यांना पटला नाही. वर्षभरात चिबाऊंची हत्या एका कनाकानेच केली. पण करार टिकला. १९९८ मध्ये त्याच्या जागी नुमेआ करार आला. त्यात फ्रान्सने वसाहतवादाने केलेला अन्याय मान्य केला, टप्प्याटप्प्याने अधिकार देण्याचं ठरवलं आणि स्वातंत्र्यावर जास्तीत जास्त तीन सार्वमतं घ्यायचं कबूल केलं. शिवाय प्रांतिक निवडणुकांची मतदार यादी गोठवण्यात आली. करारानंतर येणाऱ्यांना त्यात जागा नाही.

हीच ती यादी, जी २०२४ मध्ये उघडायची होती. बाहेरच्यांना ती तांत्रिक बाब वाटते. कनाकांच्या दृष्टीने ती त्यांनी शस्त्र खाली ठेवण्याच्या बदल्यात मिळालेली हमी होती.

तीन सार्वमतं आणि एक चूक

२०१८ च्या पहिल्या सार्वमतात ४३.३ टक्के लोकांनी स्वातंत्र्याला होकार दिला. २०२० मध्ये हा आकडा ४६.७ टक्क्यांवर गेला. मतदान तब्बल ८५ टक्क्यांहून जास्त झालं होतं. म्हणजे स्वातंत्र्यवादी हरत होते, पण अंतर कमी होत होतं. आणि मुख्य म्हणजे, हरूनही ते निकाल मान्य करत होते.

तिसरं सार्वमत डिसेंबर २०२१ मध्ये ठरलं. त्याआधी काही महिने कोरोनाची लाट बेटावर आली आणि मृतांमध्ये कनाक मोठ्या संख्येने होते. कनाक समाजात मृत्यूनंतरचे विधी दीर्घकाळ चालतात. शोकाच्या काळात प्रचार कसा करायचा, म्हणून मतदान पुढे ढकला, अशी विनंती त्यांनी केली. पॅरिसने ती नाकारली. स्वातंत्र्यवाद्यांनी बहिष्कार टाकला. मतदान ४४ टक्क्यांवर आलं आणि ९६.५ टक्के मतं स्वातंत्र्याच्या विरोधात गेली.

कायद्याने निकाल वैध ठरला. मॅक्रॉन सरकारच्या लेखी विषय संपला. पण ज्यांच्यासाठी सार्वमत घ्यायचं, त्यांच्याशिवायच ते उरकलं गेलं होतं. आणि त्यानंतर सरकारने थेट मतदार यादीलाच हात घातला. त्याच काळात इंडोनेशियातल्या स्वस्त निकेलमुळे बेटावरचा उद्योग डबघाईला आला होता. कनाकबहुल उत्तर प्रांतातला मोठा निकेल प्रकल्प २०२४ च्या सुरुवातीलाच बंद पडू लागला. नुमेआच्या वस्त्यांमध्ये बेकार तरुण होतेच. ठिणगी पडायला एवढं पुरेसं होतं.

दुसरी बाजू काय म्हणते?

फ्रान्सनिष्ठ लोकांचं म्हणणंही सहज झटकून टाकता येत नाही. त्यांच्यातल्या अनेकांची चौथी-पाचवी पिढी त्याच मातीत जन्मली आहे. काहींचे पूर्वज साखळदंडात आले होते, राज्य करायला नाही. करारानंतर आलेले काही जण २०-२५ वर्षं तिथे काम करतात, कर भरतात, मुलं वाढवतात, पण प्रांतिक निवडणुकीत मत देऊ शकत नाहीत. २०२३ पर्यंत जवळपास दर पाच मतदारांमागे एक जण असा बाहेर राहिला होता. लोकशाही देशात हे किती काळ चालणार, हा त्यांचा प्रश्न आहे. शिवाय तीन वेळा विचारलं, तिन्ही वेळा 'नाही' उत्तर आलं, मग आणखी किती वेळा विचारायचं?

कनाक नेतृत्वानेही या लोकांना कधी परके ठरवलेलं नाही. १९८३ मध्येच त्यांनी मान्य केलं होतं की इथे येऊन पडलेले इतर समाजही इतिहासाचे बळी आहेत आणि बेटाचं भविष्य ठरवण्यात त्यांचाही वाटा आहे. वाद यादी कधीतरी उघडायची की नाही, एवढाच नव्हता. ती कोणी उघडायची, आपसात बोलून की पॅरिसहून हुकूम काढून, हा खरा वाद होता.

गोवा, पाँडिचेरी आणि अल्जीरिया

भारतीयांना या कथेतल्या काही गोष्टी ओळखीच्या वाटतील. १९५१ मध्ये पोर्तुगालने कागदोपत्री गोव्याला वसाहतीऐवजी 'सागरपार प्रांत' करून टाकलं. मग वसाहतच नाही तर स्वातंत्र्य कसलं, असा युक्तिवाद सालाझार सरकार करत राहिलं. संयुक्त राष्ट्रांनी १९६० मध्ये तो फेटाळला आणि पुढच्या वर्षी, १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झालं. फ्रान्सनेही १९४६ मध्ये न्यू कॅलेडोनियाला 'सागरपार प्रदेश' हे नाव दिलं आणि वसाहतींबद्दल संयुक्त राष्ट्रांना द्यायचे अहवाल बंद केले. १९८६ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी हा प्रदेश पुन्हा स्वयंशासन नसलेल्या प्रदेशांच्या यादीत घातला. आजही तो त्या यादीत आहे.

आता १ नोव्हेंबर १९५४ ही तारीख पाहा. या दिवशी फ्रान्सने पाँडिचेरीचा कारभार भारताकडे सोपवला. त्याच दिवशी अल्जीरियात फ्रान्सविरुद्ध सशस्त्र उठाव सुरू झाला आणि तो जवळपास आठ वर्षं चालला. एकच देश, एकच दिवस, पण दोन टोकं. फरक कशाचा? पाँडिचेरीत फ्रेंच रहिवासी मूठभर होते. अल्जीरियात ते दहा लाखांच्या घरात होते. तिथे १९४७ च्या कायद्याने विधानसभा दिली, पण दहा लाख युरोपीयांना ६० जागा आणि सुमारे ऐंशी-नव्वद लाख मुस्लिमांनाही ६० जागा. वर १९४८ च्या निवडणुकीत सरकारनेच गैरप्रकार केले. मतपेटीतून काही मिळणार नाही, हे पटलेल्यांनी मग बंदूक उचलली.

म्हणजेच वसाहत जितकी गरीब तितकं मोठं बंड, असं सरळ गणित नाही. लोक दीर्घकाळ अन्याय सोसतात, करारही करतात, निवडणुका हरल्या तरी खेळात राहतात. पण सनदशीर वाट दाखवून ती मध्येच बंद केली किंवा खेळ चालू असताना नियम बदलले, की आपण इथे कधीच जिंकू शकत नाही ही भावना पक्की होते. त्यानंतर एखादं साधं विधेयकही ठिणगी ठरतं.

फ्रान्स सोडत का नाही?

फ्रान्स या प्रदेशावर दरवर्षी सुमारे दीड अब्ज युरो खर्च करतो. तरीही त्याला तो हवा आहे. एक कारण निकेल, जे स्टेनलेस स्टील आणि इलेक्ट्रिक वाहनांच्या बॅटरीसाठी लागतं. दुसरं कारण समुद्र. अशा दूरच्या बेटांमुळेच फ्रान्सकडे अमेरिकेखालोखाल जगातलं सर्वांत मोठं सागरी आर्थिक क्षेत्र आहे. तिसरं कारण चीन. पॅसिफिकमध्ये चीनचा वावर वाढत असताना फ्रान्सला तिथे तळ हवा आहे. मॅक्रॉन यांनी २०१८ मध्ये नुमेआत केलेल्या भाषणात हिंद-प्रशांत धोरणाची मांडणी केली, ती याचसाठी. आपण गेलो की पोकळी चीन भरेल, असं पॅरिसला वाटतं. कनाकांचं उत्तर असं की आमचं भवितव्य तुमच्या चीनच्या भीतीवर का ठरावं?

पुढे काय?

जून २०२४ मध्ये आंदोलनाचे नेते क्रिस्तियन तेन यांना अटक करून विमानाने थेट फ्रान्समधल्या तुरुंगात नेण्यात आलं. ज्या बेटावर एकेकाळी फ्रान्स आपले कैदी पाठवत होता, त्याच बेटावरून कैदी फ्रान्सला आले. ऑगस्टमध्ये, तुरुंगात असतानाच, एफएलएनकेएसने तेन यांना अध्यक्ष केलं. २०२५ च्या जूनमध्ये त्यांची सुटका झाली.

जुलै २०२५ मध्ये पॅरिसजवळच्या बुजिव्हाल इथे नवा करार झाला. फ्रान्सच्या अंतर्गतच 'न्यू कॅलेडोनियाचं राज्य' आणि फ्रेंच नागरिकत्वासोबत स्थानिक नागरिकत्व, असा मधला मार्ग त्यात होता. एफएलएनकेएसच्या प्रतिनिधींनी सह्या केल्या. पण महिनाभरातच आघाडीने तो फेटाळला. यात पूर्ण स्वातंत्र्याची वाट नाही, असं त्यांचं म्हणणं. पालिका हा दुसरा कनाक पक्ष मात्र कराराच्या बाजूने राहिला, त्यामुळे स्वातंत्र्यवाद्यांमध्येही फूट आहे.

ज्या प्रांतिक निवडणुकांच्या यादीवरून हे सगळं पेटलं, त्या मे २०२४ मध्ये व्हायच्या होत्या. त्या तीनदा पुढे ढकलल्या गेल्या आणि २८ जून २०२६ ही शेवटची मुदत ठरली. यादी कोणतीही वापरली तरी एका बाजूला ती अन्यायाचीच वाटणार. २०१८ आणि २०२० मध्ये मात्र याच बेटावर दोन्ही बाजूंचे लोक एकाच रांगेत उभे राहून शांतपणे मत देऊन आले होते. तेव्हा स्वातंत्र्याचा प्रश्न सुटला नव्हता, पण तो कसा सोडवायचा यावर एकमत होतं. पॅरिसने २०२१ नंतर गमावलं ते हे एकमत. ते पुन्हा उभं राहिल्याशिवाय कोणतीही मतदार यादी टिकणं कठीण आहे.